पाडाव जहाजे : कोकण किनाऱ्यावरील आरमारी युद्धांचे मर्म

शिडाच्या जहाजांच्या युगात, म्हणजे ढोबळमानाने सोळाव्या शतकाच्या आरंभापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, समुद्रावरील लढाईत तोफांच्या माऱ्याने जहाज बुडाले असे क्वचितच घडे. बहुतेक वेळा पराभूत जहाज आपले निशाण उतरवी आणि विजेत्याच्या ताब्यात जाई. आजच्या वाचकाच्या मनावर पाणतीर आणि क्षेपणास्त्रे यांच्या युद्धाचा ठसा असल्यामुळे सागरी विजय म्हणजे शत्रूची जहाजे तळाला घालणे अशी त्याची समजूत असते, आणि हीच समजूत मनाशी धरून तो दौलतखान, कान्होजी आंग्रे किंवा आनंदराव धुळप यांच्या लढायांकडे पाहतो. साहजिकच त्या लढायांचे मर्म त्याच्या हातून निसटते. शत्रूचे जहाज माणसांसह, मालासह आणि तोफांसह धरून आपल्या बंदरात आणणे, म्हणजे जुन्या मराठीत ते ‘पाडाव करणे’, हेच त्या काळच्या आरमारी युद्धाचे मुख्य उद्दिष्ट होते, आणि कोकणच्या आरमाराची वाढ, त्याचा दरारा आणि त्याचा नाश या तिन्ही गोष्टी पाडाव जहाजांच्या इतिहासातूनच नीट उलगडतात.

जहाज बुडवणे इतके अवघड का होते, हे त्याच्या बांधणीवरून कळते. ओक किंवा साग यांच्या जाड फळ्यांवर आदळलेला लोखंडी गोळा जे भोक पाडी ते बहुधा पाण्याच्या रेषेच्या वर असे, आणि ते खाली असलेच तर जहाजावरील सुतार लाकडी खुंट्या ठोकून आणि काथ्या भरून ते बुजवीत. शिवाय लाकूड मुळात तरंगणारे असल्यामुळे चाळण झालेले जहाजही तासन्‌तास पाण्यावर राही. जहाज निकामी होई ते तीन प्रकारांनी : डोलकाठी मोडून ते जागच्या जागी खिळले तर, माणसे मारली जाऊन तोफा चालवायला कोणी उरले नाही तर, किंवा त्याने पेट घेतला तर. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी स्पेनच्या किनाऱ्याजवळ झालेल्या ट्रॅफल्गारच्या प्रख्यात लढाईत फ्रान्स आणि स्पेन यांच्या ३३ जहाजांपैकी १७ इंग्रजांनी पाडाव केली आणि एक आग लागून स्फोटाने नष्ट झाले. तोफगोळ्यांनी त्या दिवशी एकही जहाज तळाला गेले नाही, आणि पाडाव जहाजांपैकी बरीचशी पुढे गमावली गेली ती लढाईनंतरच्या वादळात. त्या लढाईत इंग्रजांच्या रांगेत पूर्वी फ्रेंचांकडून जिंकलेले ‘बेलआयल’ होते, तर फ्रेंचांच्या रांगेत पूर्वी इंग्रजांकडून जिंकलेले ‘बर्विक’ होते. मोठे लढाऊ जहाज बांधायला कित्येक वर्षे आणि जंगलातील शेकडो जुनी झाडे लागत, त्यामुळे शत्रूचे तयार जहाज हाती लागणे हा दुहेरी लाभ असे : त्याचे बळ एकाने घटे आणि आपले एकाने वाढे.

अरबी समुद्रात या प्रथेला आणखी एक पदर जोडला गेला, तो परवान्याचा. पोर्तुगीज येण्यापूर्वी या समुद्रात व्यापारी जहाजांनी कोणाचा कागद जवळ बाळगण्याची चाल नव्हती; बंदराच्या धन्याला जकात दिली की दर्या सर्वांना मोकळा होता. वास्को द गामाच्या दुसऱ्या सफरीच्या सुमारास, म्हणजे १५०२ पासून पुढे, पोर्तुगीजांनी ‘कार्ताझ’ नावाचा परवाना सक्तीचा केला. त्यात जहाजाचे आणि नाखव्याचे नाव, जहाजाचे आकारमान, त्यावरील शस्त्रे, निघण्याचे आणि पोहोचण्याचे बंदर हे सारे नोंदलेले असे, मिऱ्यासारखा मक्त्याचा माल आणि युद्धसाहित्य नेण्यास मनाई असे, आणि पोर्तुगीज ठाण्यावर जकात भरण्याची अट असे. परवान्याची फी थोडीच असे. खरा अर्थ असा होता की पाण्यावरही आता कोणाचे तरी राज्य आहे, आणि ज्याच्याजवळ कागद नाही ते जहाज धरण्याचा अधिकार त्या राज्याला आहे. पुढील अडीचशे वर्षांत या किनाऱ्यावर जी जी सत्ता उभी राहिली तिने हाच दावा आपल्या नावाने केला.

हा कागद किती भरवशाचा होता याचे उत्तर १६१३ साली मिळाले. जहांगीर बादशहाची आई मरियम-उझ-झमानी हिच्या मालकीचे ‘रहीमी’ हे तांबड्या समुद्राच्या मार्गावर ये-जा करणारे प्रचंड जहाज पोर्तुगीज परवाना जवळ असतानाही पोर्तुगीजांनी सुरतेजवळ धरले आणि शेकडो उतारूंसह गोव्याला नेले. इंग्रजांना सुरतेत थारा दिल्याबद्दल मोगलांवर दाब आणणे हा त्यामागील हेतू होता. जहांगीराजवळ समुद्रावर उत्तर देण्यासारखे आरमार नव्हते, म्हणून त्याने जमिनीवरून उत्तर दिले : सुरतेतील पोर्तुगीजांचा व्यापार थांबवला, आग्र्यातील जेसुइटांचे चर्च बंद केले आणि दमणला वेढा घालण्याचा हुकूम दिला. ज्या साम्राज्याच्या खजिन्याला सीमा नव्हती त्याला स्वतःच्या राजमातेचे जहाज सोडवता आले नाही, ही घटना हिंदुस्थानच्या सागरी इतिहासात जितकी ठळकपणे सांगितली जायला हवी तितकी सांगितली जात नाही.

त्यानंतर ८२ वर्षांनी, सप्टेंबर १६९५ मध्ये, हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने ४६ तोफांच्या ‘फॅन्सी’ या जहाजानिशी औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ धरले. मक्केहून परतणारे यात्रेकरू आणि मोखा-जिद्द्याच्या व्यापारातील सोने-रुपे घेऊन ते सुरतेकडे येत होते. मोगल इतिहासकार खाफीखान याच्या मते त्यावर ८० तोफा होत्या, म्हणजे शस्त्रबळ हल्लेखोरांहून अधिकच होते. पण आरंभीच एक तोफ फुटून जवळची माणसे मेली, मुख्य डोलकाठीला गोळा लागला, आणि कप्तान इब्राहीमखानाने लढाईचा धीर सोडला. जहाजावरील स्त्रीपुरुषांवर पुढे कित्येक दिवस जे अत्याचार झाले त्यांची वर्णने त्या काळच्या मोगल आणि इंग्रज अशा दोन्ही बाजूंच्या लेखनात आहेत. बादशहाने सुरतेच्या इंग्रज वखारीचा प्रमुख सॅम्युअल ॲनस्ली आणि त्याचे सहकारी यांना बेड्या घातल्या, आणि यात्रेकरूंच्या जहाजांना संरक्षण देण्याचे काम ईस्ट इंडिया कंपनीला पत्करावे लागले. या तडजोडीचा दूरचा परिणाम कोणाच्या ध्यानात आला नसावा : समुद्रावर कोणी सुरक्षित जावे हे ठरवण्याचे काम बादशहाने आपण होऊन परक्यांच्या हाती दिले.

याच पार्श्वभूमीवर छत्रपती शिवाजी महाराजांच्या आरमाराचा विचार केला पाहिजे. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर तेथील खाडीत जहाजबांधणी सुरू झाली, १६६४ मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली, आणि १६६५ च्या फेब्रुवारीत ८५ गलबते आणि तीन मोठी जहाजे घेऊन महाराज स्वतः बसरूरच्या स्वारीवर गेले. जमिनीवरील राज्याने समुद्रावरही आपला शब्द चालवावा, ही दृष्टी मोगलांना कधी आली नाही. ती येथे आली. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे, आणि त्यातील तपशील पाहिला तर तो अनुभवी दर्यावर्द्यांना विचारून लिहिलेला आहे याविषयी शंका राहत नाही. वाऱ्याखेरीज हलू न शकणारी अवजड जहाजे बांधू नयेत, पाच गुराबा (शिडांची मोठी लढाऊ जहाजे) आणि पंधरा गलबते (वल्ह्यांची हलकी जहाजे) मिळून एक सुभा करावा, आरमाराचा खर्च बंदरातील व्यापाऱ्यांना नाडून न भागवता मुलुखाच्या नेमून दिलेल्या उत्पन्नातून भागवावा, कौल असलेल्या म्हणजे अभयपत्र घेतलेल्या सावकारी तरांड्यांना उपद्रव देऊ नये, आणि कौलाशिवाय जाणारी परमुलुखाची जहाजे धरून बंदरात आणावीत, असा तो एकूण कायदा आहे. भर समुद्रात कोंडीत सापडलेल्या शत्रूने कौल मागितला तरी त्याच्या जहाजाला एकदम भिडू नये, ही सावधगिरीची सूचनाही त्यात आहे. शरण आल्याचे दाखवून ऐनवेळी दारूगोळ्याला आग लावणाऱ्या जहाजांचा अनुभव तिच्या पाठीशी असला पाहिजे.

मराठी आरमाराची इंग्रजांशी पहिली मोठी गाठ पडली ती १६७९ मध्ये खांदेरीला. मुंबईच्या दक्षिणेस, थळच्या किनाऱ्यासमोर असलेले हे बेट मायनाक भंडाऱ्याने दीडशेच्या आसपास माणसांनिशी ऑगस्ट-सप्टेंबरात ताब्यात घेऊन तटाचे काम सुरू केले, तेव्हा मुंबई बंदराच्या तोंडावर उभा राहणारा हा किल्ला इंग्रजांना सहन होण्यासारखा नव्हता. १९ सप्टेंबर रोजी लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प याने बेटावर उतरण्याचा अविचारी प्रयत्न केला आणि तो मारला गेला. पुढे कॅप्टन रिचर्ड केग्विन आणि कॅप्टन विल्यम मिंचिन हे ‘रिव्हेंज’ हे मोठे जहाज, ‘डोव्ह’ नावाची गुराब आणि इतर लहान गलबते घेऊन बेटाची नाकेबंदी करीत राहिले. १८ ऑक्टोबरला पहाटे, वारा पडलेला असताना, दौलतखानाच्या हाताखालील चाळीसहून अधिक मराठी गलबते नागावच्या खाडीकडून वल्ही मारीत इतक्या वेगाने आली की इंग्रजांना नांगर उचलायलाही पुरता अवधी मिळाला नाही. ‘डोव्ह’ने निशाण उतरवले आणि ती पाडाव झाली, लहान गलबते पळाली, आणि एकट्या ‘रिव्हेंज’ने तोफांच्या बळावर मराठी गलबतांना दूर ठेवून परत हटवले. इंग्रज इतिहासकार या लढाईत आपला विजय झाला असे लिहितात, आणि ‘रिव्हेंज’पुरते ते खरेही आहे. पण लढाईचे फळ काय मिळाले हे विचारले तर चित्र पालटते : ‘डोव्ह’वरचे इंग्रज सागरगडावर कैदेत पडले, मराठ्यांच्या हलक्या होड्या रात्रीच्या अंधारात खांदेरीला रसद पोहोचवीत राहिल्या, जानेवारी १६८० मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली, आणि इंग्रजांना खांदेरी मराठ्यांच्या हाती सोडून समेट करावा लागला.

खांदेरीच्या पहाटेचा तो पडलेला वारा हा निव्वळ योगायोग नव्हता. कोकण किनाऱ्यावर पावसाळा संपल्यापासून वैशाखापर्यंत रात्री आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारे वाहतात, दुपारनंतर समुद्राकडून खारे वारे सुटतात, आणि या दोहोंच्या मध्ये वारा पडतो. अशा वेळी युरोपीय बांधणीचे खोल बुडाचे, चौकोनी शिडांचे जहाज पाण्यावर ओंडक्यासारखे पडून राही, तर वल्ह्यांवर चालणारे गलबत हवे तिकडे जाऊ शके. मराठी आरमाराचे सारे युद्धतंत्र या फरकावर उभे होते. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने, मराठी आरमार पुढे ज्यांच्याकडे आले त्या आंग्र्यांच्या जहाजांची जी माहिती दिली आहे ती शत्रूने दिलेली असूनही, किंवा म्हणूनच, फार मोलाची आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची असे आणि दोन डोलकाठ्यांची दीडशे टनांपर्यंत. लांबीच्या मानाने ती रुंद असे, तिला पाणी थोडे लागे, आणि तिची नाळ म्हणजे पुढचा भाग लांब, निमुळता आणि कठड्याविना उघडा असे, जेणेकरून समोरून आलेल्या लाटेचे पाणी त्यावरून वाहून जावे. नाळेच्या मागच्या आडभिंतीला पाडलेल्या छिद्रांतून दोन तोफा सरळ पुढे रोखलेल्या असत, त्यांचा गोळा नऊ ते बारा पौंडांचा. बाजूच्या तोफा त्याहून हलक्या. गलबत सत्तर टनांच्या आत, दोन डोलकाठ्यांचे, मोठ्या काठीवर एकच विशाल तिकोनी शीड, आणि दोन्ही बाजूंना मिळून चाळीस-पन्नास वल्ही. त्यांच्या जोरावर ते ताशी चार मैल चाले.

शिकार दिसली की नांगर सोडून सारा ताफा बाहेर पडे. वारा असला तर गुराबा शिडांवर धावत, वारा नसला तर गलबते त्यांना दोर लावून ओढीत नेत. आंग्र्यांचे गोलंदाज समोरच्या जहाजाच्या बाजूला कधी जात नसत, कारण तेथे त्याच्या तोफांची रांग असे; ते त्याच्या पिछाडीला, जेथे तोफा थोड्या असतात तेथे, जमत. मागून पाहिले असता पुढच्या जहाजाच्या तिन्ही डोलकाठ्या एकीआड एक येतात, आणि त्या किंचित अलग दिसू लागताच गोळा टाकला तर तो तिन्हींपैकी एकीला तरी लागण्याचा संभव सर्वांत अधिक असतो. त्या क्षणाची वाट पाहून नाळेवरील तोफा डागल्या जात. बुडाला भोक पाडण्याकडे त्यांचे लक्षच नसे, कारण बुडालेल्या जहाजाचा कोणालाच उपयोग नव्हता. डोलकाठी कोसळली की गुराबा जवळ येऊन चहूबाजूंनी मारा करीत, आणि तरीही समोरचे लोक निशाण उतरवीत नसले तर प्रत्येकी दोन-तीनशे माणसे भरलेली गलबते एकाच वेळी सर्व बाजूंनी भिडून तलवारी उपसलेले लोक जहाजावर चढत. ही माणसे किनाऱ्यावरचे कोळी, भंडारी, गाबीत आणि मुसलमान दर्यावर्दी होती. गोलंदाजाची नजर, तांडेलाचे सुकाणू आणि वल्हेकऱ्यांचा दम यांचा इतका नेमका मेळ घालणारे हे तंत्र कोणत्याही युरोपीय आरमारी शाळेत शिकवलेले नव्हते. ते या किनाऱ्याच्या वाऱ्यातून आणि खाड्यांतून घडले होते.

कान्होजी आंग्रे यांनी या तंत्राला राज्यकारभाराची जोड दिली. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीने ते शाहू महाराजांच्या बाजूला आले, तेव्हा सरखेल म्हणजे आरमाराचा मुख्य हे पद आणि कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, खांदेरी यांसह २६ किल्ले व ठाणी त्यांच्याकडे कायम झाली. या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी आपले दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावे असा त्यांचा आग्रह होता, आणि पोर्तुगीज दोनशे वर्षे जे करीत आले होते त्याहून तो तिळभरही वेगळा नव्हता. इंग्रजांशी भांडण पेटले ते कंपनीच्या स्वतःच्या जहाजांपेक्षा हिंदी व्यापाऱ्यांच्या मालावरून : इंग्रजी निशाण लावले की कोणाचाही माल दस्तकाशिवाय जावा असे मुंबईचे म्हणणे होते, आणि कान्होजींना ते मान्य नव्हते. नोव्हेंबर १७१२ मध्ये त्यांनी कारवारहून येणारे ‘ॲन’ आणि त्याच्या संरक्षणासाठी सोबत असलेली मुंबईच्या गव्हर्नरची सशस्त्र नौका धरली. लढाईत कारवार वखारीचा प्रमुख चाऊन तोफेच्या गोळ्याने मेला, आणि त्याच्या पत्नीला इंग्रजांनी ३० हजार रुपये भरून सोडवले. पुढच्या दहा वर्षांत मुंबईने चार मोठ्या मोहिमा केल्या : १७१७ मध्ये विजयदुर्गावर, १७१८ मध्ये खांदेरीवर, १७२० मध्ये ‘फ्रॅम’ नावाचा तरंगता बुरूज घेऊन पुन्हा विजयदुर्गावर, आणि १७२१ च्या अखेरीस कमोडोर मॅथ्यूज याचे राजाच्या आरमारातील जहाजांचे पथक आणि पोर्तुगीज यांना सोबत घेऊन कुलाब्यावर. चारही फसल्या. शेवटच्या मोहिमेत बाजीराव पेशव्यांची फौज धावून आली, पोर्तुगीजांनी वेगळा तह केला, आणि इंग्रज हात हलवीत परतले.

कान्होजी १७२९ मध्ये वारले आणि काही वर्षांतच मुलांमध्ये भाऊबंदकी माजली; कुलाब्याला मानाजी आणि दक्षिणेकडे संभाजी अशी आरमाराची दोन शकले झाली. तरीही पाडावाची कला खुंटली नव्हती. डिसेंबर १७३५ मध्ये संभाजीच्या गुराबांनी इंग्लंडहून मुंबईस येणारे कंपनीचे ‘डर्बी’ हे मोठे जहाज डोलकाठ्या मोडून धरले. त्यावरील सोन्यापेक्षाही अधिक नुकसानीची गोष्ट म्हणजे मुंबईच्या आरमारासाठी आणलेले दोर, शिडे आणि दारूगोळा असे सामान होते. ते सारे विजयदुर्गाच्या ताफ्याला लागले. १७४९ मध्ये संभाजीचा भाऊ तुळाजी याने आंग्र्यांच्याच बंदोबस्तासाठी सज्ज केलेले ‘रिस्टोरेशन’ हे वीस तोफांचे जहाज धरले, आणि १७५४ मध्ये वलंदेजांच्या म्हणजे डचांच्या ५०, ३६ आणि १८ तोफांच्या तीन जहाजांशी लढून पहिल्या दोहोंचा नाश केला व तिसरे पाडाव केले. पन्नास तोफांचे युरोपीय जहाज आपल्या किनाऱ्याच्या आरमारापुढे टिकले नाही, हा या आरमाराच्या पराक्रमाचा कळस होता. अवघ्या दोन वर्षांनी ते आरमार उरले नाही.

तुळाजी पेशव्यांना जुमानीत नव्हता, खंडणी देत नव्हता आणि कोकणातील पेशव्यांच्या मुलुखाला त्याचा सतत उपसर्ग होत होता, हे नाकारून चालणार नाही. नानासाहेब पेशव्यांना त्याचा बंदोबस्त करणे भागच होते. पण मार्च १७५५ मध्ये पेशव्यांच्या वतीने रामाजी महादेव यांनी मुंबईच्या इंग्रजांशी जो तह केला त्यात आरमारी कारवाईची सूत्रे इंग्रजांकडे गेली, आणि तुळाजीची जी जहाजे हाती पडतील ती उभयतांनी वाटून घ्यावीत असे ठरले. म्हणजे पेशव्यांच्या मनातही जहाजे नष्ट करायची नव्हती; ती धरायची होती. एप्रिलच्या आरंभी कमोडोर विल्यम जेम्स याने ४४ तोफांच्या ‘प्रोटेक्टर’वरून मारा करून सुवर्णदुर्ग घेतला आणि मोबदल्यात बाणकोट इंग्रजांना मिळाले. पुढच्या वर्षी ॲडमिरल चार्ल्स वॉटसन राजाच्या आरमारातील ‘केंट’, ‘कंबरलँड’, ‘टायगर’, ‘सॅलिसबरी’ अशी जहाजे आणि रॉबर्ट क्लाइव्हच्या हाताखालील पलटण घेऊन निघाला. मुंबईहून निघण्यापूर्वीच इंग्रज अधिकाऱ्यांनी मिळणाऱ्या लुटीचे आपसातले हिस्से ठरवले, आणि त्या वाटणीत पेशव्यांचे नाव नव्हते.

११ फेब्रुवारी १७५६ रोजी हे आरमार विजयदुर्गासमोर आले. तुळाजी तोपर्यंत वाटाघाटीसाठी पेशव्यांच्या छावणीत गेला होता. १२ तारखेला दुपारी इंग्रज जहाजे वाघोटन खाडीत दोन रांगांनी शिरली : मोठी जहाजे किल्ल्यासमोर उभी राहिली आणि उखळी तोफांची जहाजे आतल्या बाजूला, जेथे तुळाजीच्या गुराबा एकमेकींना बांधून ठेवलेल्या होत्या. चारच्या पुढे केव्हातरी एक पेटता गोळा ‘रिस्टोरेशन’वर पडला, म्हणजे सात वर्षांपूर्वी तुळाजीने इंग्रजांकडूनच जिंकलेल्या त्या जहाजावर. त्याने पेट घेतला, आग शेजारच्या गुराबांना लागली, आणि तेथून किनाऱ्यावर बांधकाम चालू असलेल्या जहाजांपर्यंत पोहोचली. ऑर्मच्या नोंदीप्रमाणे आठ गुराबा, एक मोठे जहाज, बांधणीतील दोन आणि कित्येक गलबते जळाली. खुल्या समुद्रात या गुराबा विखरून लढल्या असत्या तर एका गोळ्याने इतका अनर्थ झाला नसता. पण अवजड तोफांच्या युद्धनौकांच्या रांगेशी समोरासमोर लढणे हे या आरमाराचे तंत्र कधीच नव्हते, आणि अशा वेळी किल्ल्याच्या आश्रयाला येणे हा जो त्यांचा नेहमीचा उपाय तोच त्या दिवशी घातक ठरला.

रात्री क्लाइव्हने किल्ला आणि पेशव्यांची फौज यांच्या मध्ये आपली पलटण उतरवली, ती मराठ्यांना आधी आत शिरता येऊ नये म्हणून. १३ फेब्रुवारीला किल्ला पडला. दोनशेहून अधिक तोफा आणि सुमारे दहा लाख रुपयांचा ऐवज इंग्रजांनी आपसात वाटून घेतला, आणि किल्ला पेशव्यांना द्यायला ऑक्टोबरपर्यंत टाळाटाळ केली. तुळाजी पुढे मरेपर्यंत पेशव्यांच्या कैदेत राहिला. या प्रकरणाविषयी मराठीत दीर्घ वाद झाला आहे आणि दोन्ही बाजूंना आधार आहेत. तथापि एक गोष्ट निर्विवाद म्हणावी लागते : बंडखोर सरदाराला शासन करणे हा पेशव्यांचा हक्क होता, पण आपल्या राज्याच्या आरमाराशी लढण्याचे काम परक्या आरमारावर सोपवणे ही चूक होती, आणि तिचे मोल तुळाजीने फेडले त्याहून कितीतरी अधिक पुढच्या पिढ्यांनी फेडले. मोगल बादशहांजवळ आरमार नव्हते म्हणून औरंगजेबाला परक्यांवर विसंबावे लागले. पेशव्यांजवळ ते होते.

विजयदुर्गाचा सुभा त्यानंतर धुळपांकडे आला आणि त्यांनी आरमार पुन्हा उभे केले, हे पुष्कळांच्या लक्षात नसते. ८ एप्रिल १७८३ रोजी आनंदराव धुळपांच्या ताफ्याने मुंबईहून दक्षिणेकडे जाणारे ‘रेंजर’ हे कंपनीचे जहाज अत्यंत निकराच्या लढाईनंतर पाडाव केले. त्यावर कर्नल मॅक्लाउड आणि कर्नल हंबरस्टन यांच्यासारखे बडे अधिकारी होते. हंबरस्टन जखमी अवस्थेत विजयदुर्गाला आणला गेला आणि महिनाअखेरीस तेथेच मरण पावला. इंग्रज आणि मराठे यांच्यातील युद्ध संपवणारा सालबाईचा तह आधीच झालेला असल्यामुळे जहाज इंग्रजांना परत द्यावे लागले. पण विजयदुर्गाच्या आगीला २७ वर्षे झाल्यावरही कोकणचे गोलंदाज तीच जुनी विद्या तितक्याच नेमकेपणाने वापरीत होते, याचा हा पुरावा आहे.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार सागरी किल्ले आहेत, आणि आता तेथे जाणाऱ्यांची संख्या वाढत जाईल. विजयदुर्ग पाहायला जाणाऱ्यांनी तटबुरूज पाहून मागे फिरू नये. वाघोटन खाडीत थोडे आत, गिर्ये गावाजवळ, कातळात खोदलेली सुमारे ३५५ फूट लांब आणि २२७ फूट रुंद अशी आरमाराची गोदी आहे, तीही आवर्जून पाहावी. पाडाव केलेली आणि नव्याने बांधलेली जहाजे दुरुस्तीसाठी भरतीच्या पाण्याबरोबर येथेच आत घेतली जात.